इमेज काढतात म्हणे, तीसुद्धा दर रविवारी!

ऐकलंत का? तुमच्याही कानावर आलं असणारच, पण तुम्ही पडलात सभ्य, तुम्ही बोलणार नाही. मग मीच बोलते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कालपरवापर्यंत पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यापलीकडे भांडायला विषय नव्हता. आणि आता बघा! चांगले शिकलेसवरलेले, पेन्शनीत निघालेले, नातवंडांना स्कूलबसपर्यंत सोडायला जाणारे पुरुष एका नादाला लागलेत. रविवारी सकाळी चहा झाला की खोलीचं दार लोटून घ्यायचं, कपाटातल्या साड्यांच्या मागून एक काळी डबी काढायची, कॉम्प्युटरला जोडायची आणि तिच्या लुकलुकत्या निळ्या दिव्याकडे बघत बसायचं. बाहेरून हाक मारली तर आतून उत्तर येतं, "थांब गं, ब्याऐंशी टक्के झालंय!" काय झालंय ब्याऐंशी टक्के? तर इमेज. कॉम्प्युटरची. अख्ख्या सी ड्राइव्हची.

बी विंगच्या वहिनी तर परवा जिन्यातच म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला, आमच्या ह्यांची एक बाहेरची आहे." सगळ्या जणी गप्प. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टीसुद्धा अर्ध्यावर थांबली असं मला वाटलं. मग वहिनींनी वाक्य पुरं केलं, "दोन टीबीची."

आता घरातले चार फोटो कुणी पेन ड्राइव्हवर टाकून ठेवले, मुलांच्या मार्कशीट स्कॅन करून ठेवल्या, तर त्याला कोण नावं ठेवेल? पण या मंडळींचं फोटोंवर भागत नाही. त्यांना सगळंच हवं. विंडोज हवी, विंडोजच्या आधी दडलेलं ते शंभर एमबीचं बूटचं पार्टिशन हवं, प्रिंटरचा ड्रायव्हर हवा, सोसायटीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर हवं, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड हवेत, आणि रीसायकल बिन डेस्कटॉपच्या ज्या कोपऱ्यात ओढून ठेवलाय त्याच कोपऱ्यात राहायला हवा. या सगळ्याची मिळून एक भलीदांडगी फाइल. उद्या डिस्क बसली तर नवी घालायची, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, ही फाइल नव्या डिस्कवर उतरवायची, की तासा-दोन तासांत कॉम्प्युटर मागच्या रविवारी जसा होता तसा हजर. विंडोज टाकायला नको, अपडेटं बसवायला नकोत, कुठल्या सॉफ्टवेअरची सीडी कुठे गेली म्हणून माळा उपसायला नको. ऐकायला किती सोज्वळ! सगळी व्यसनं ऐकायला सोज्वळच असतात.

आणि हे आपल्याकडचं नव्हे बरं का, थेट न्यूझीलंडहून आलंय. ऑकलंडच्या मरे हॅझर्ड नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली हा प्रोग्राम केला आणि त्याचं नाव काय ठेवलं? घोस्ट! डिस्कवर जे असेल ते जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर. १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनीच विकत घेतली आणि मग हे भूत नॉर्टन आडनाव लावून उजळ माथ्याने फिरायला लागलं. तेव्हा तरी ते कामापुरतं असायचं. कॉम्प्युटर क्लासचा मालक एक मशीन नीट लावायचा, विंडोज, ऑफिस, टर्बो सी, टायपिंगचा ट्यूटर, आणि त्याचीच छबी बाकीच्या मशिनांवर उतरवायचा. पोरांनी आठवडाभरात वाट लावली की पुन्हा घोस्ट मारायचा.

घरच्या कॉम्प्युटरला हे लाड नव्हते. घरी काही बिघडलं की कोपऱ्यावरचा मुलगा यायचा, दोन बटणं दाबून "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणायचा, सीडी घालायचा आणि संध्याकाळपर्यंत लख्ख रिकामं मशीन हातात देऊन जायचा. "आणि डेटा?" विचारलं तर "डी ड्राइव्हला होता का?" असं तोच उलट विचारायचा. डी ड्राइव्हला नसायचाच. आपण हळहळायचो, मुलाला चहा पाजायचो, चार दिवसांनी विसरायचो. आता तो मुलगा आला तरी आमचे काका त्याला दारातूनच परत पाठवतात. "माझ्याकडे इमेज आहे," म्हणतात, आणि वर अशी नजर टाकतात की बिचारा चपला न काढताच जिना उतरतो.

नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्ये बंद झाली, पण तोवर त्याचे वारसदार गल्लोगल्ली झाले होते. अक्रॉनिस होतं. तैवानचं क्लोनझिला होतं, पूर्ण फुकट आणि तितकंच रुक्ष. आणि मँचेस्टरच्या एका कंपनीचं मॅक्रियम रिफ्लेक्ट होतं, त्याची घरगुती आवृत्ती फुकट मिळायची. आमच्या सोसायटीचा जीव त्या फुकट आवृत्तीवर. दिसायला नेटकी, वापरायला सोपी, आणि मुख्य म्हणजे फुकट हे मी सांगितलंच. कंपनीने तिचा आधार १ जानेवारी २०२४ पासून काढून घेतला. त्यानंतर खाली बाकावर जी शोककळा पसरली ती मी डोळ्यांनी पाहिलीय. पाच जण बसलेले, कुणी कुणाशी बोलत नाही. शेवटी एकांनी विचारलं, "पैसे देऊन घेतलं तर?" त्यांच्याकडे बाकीच्या चौघांनी असं पाहिलं की ते लगेच हवापाण्यावर आले. मग फुटाफूट झाली. दोघं क्लोनझिलाला गेले, एकांनी वीमचं फुकट एजंट आणलं, आणि उरलेले जुनीच आवृत्ती वापरतात. विचारलं की म्हणतात, "चालतंय तोवर चालतंय."

विंडोजच्या स्वतःच्या घरातली भानगड तर याहून खमंग. कंट्रोल पॅनेलमध्ये आत आत जा. तिथे एक दुवा दिसेल, 'बॅकअप अँड रिस्टोअर', आणि त्याच्यापुढे कंसात काय, तर 'विंडोज ७'. हे विंडोज ११ च्या मशीनवर, हो! विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला, पण दारावरची पाटी अजून तिच्याच नावाची. इमेज निघते ती त्याच दारातून. बरं, कंपनीचं मत विचाराल तर २०१७ मध्ये विंडोज १० ची जी आवृत्ती आली तिच्याबरोबरच त्यांनी लेखी कळवलं की हे साधन आता आम्ही पुढे नेणार नाही, पूर्ण डिस्कचा बॅकअप हवा असेल तर दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर बघा. कळवलं, आणि साधन तिथंच ठेवलं. जा म्हणायचं आणि दार उघडं ठेवायचं! आमच्याकडे अशा वागण्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

त्याच दारातून तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका गेली कित्येक वर्षं ये-जा करतात. बँकेत असताना त्यांच्या फायलींच्या पाठीवर वर्ष, महिना, खातं सगळं ठसठशीत लिहिलेलं असायचं. विंडोज इमेज काढते ती 'विंडोजइमेजबॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये, डिस्कच्या अगदी पहिल्या पातळीवर. काकांना ते मोघम वाटलं. त्यांनी त्याचं नाव बदलून 'दिवाळी – अंतिम' केलं आणि आणखी तीन फोल्डरांच्या आत नीट लावून ठेवलं. वेळ आली तेव्हा दुरुस्तीच्या निळ्या पडद्याने स्वच्छ सांगितलं, इमेज सापडत नाही. तो फोल्डर त्याच नावाने आणि त्याच जागी असल्याशिवाय विंडोज त्याला ओळख देत नाही. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेच्या लॅपटॉपला ती डिस्क लावून नाव पूर्ववत केलं, फोल्डर बाहेर काढून जागेवर ठेवला, आणि मग विंडोजनेही त्यांना ओळख दिली. सून हे सगळं माहेरी फोनवर सांगत होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मुद्दाम ऐकलं नाही.

चढती कमान लागली ती विंडोज १० गेली तेव्हा. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा आधार संपला, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर, घराघरांत भाजणी दळून आलेली असताना, ही माणसं शेवटची इमेज काढण्यात गर्क. शेवटची म्हणजे काय? तर विंडोज ११ टाकायच्या आधीची. न आवडली तर परत येता यावं म्हणून. एका वहिनींनी चकलीचा सोऱ्या दाबायला बोलावलं तर आतून आवाज आला, "आत्ता मशीनला हात लावता येत नाही." सोऱ्याला मशीन लागत नाही हे त्या बाईंनी किती शांतपणे सांगितलं म्हणून सांगू! खरं तर चालू मशीनचीसुद्धा इमेज निघते. विंडोज त्या क्षणाची एक सावली धरून ठेवते आणि सॉफ्टवेअर त्या सावलीवरून कॉपी करतं, तुम्ही वर खुशाल पत्ते खेळा. पण हे घरात सांगितलं तर रविवारची सकाळ हातची जाते. त्यामुळे कुणी सांगत नाही.

एवढं होऊन या लोकांत एकी असेल म्हणाल तर तीही नाही. दोन तट आहेत. एक इन्क्रिमेंटलवाले, दुसरे डिफरन्शियलवाले. दोघंही महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण इमेज काढतात, इथपर्यंत मतभेद नाही. पुढे पहिला तट फक्त मागच्या रविवारपासून आज जे बदललं तेवढंच उचलतो. फाइल इवलीशी, काम पाच मिनिटांत. दुसरा तट दर वेळी त्या पूर्ण इमेजेपासून आजपर्यंतचं सगळं पुन्हा उचलतो, म्हणून त्याची फाइल महिनाअखेरीस फुगते. पहिले दुसऱ्यांना उधळे म्हणतात, दुसरे पहिल्यांना बेफिकीर. मला विचाराल तर दुसऱ्यांचं बरोबर आहे. टीव्हीवरच्या मालिकेचे आठ भाग चुकले तरी नवव्याला सासू तिथेच उभी असते. इथे साखळीतला एक रविवार नासला की महिन्यातले पुढचे सगळे रविवार वाया, कारण प्रत्येक जण आदल्या रविवारच्या खांद्यावर उभा. डिफरन्शियलला पूर्ण इमेज आणि ती शेवटची फाइल, दोनच धड असल्या की झालं. हे मी एकदा बाकावर बोलून गेले. तेव्हापासून इन्क्रिमेंटलवाल्या काकांनी आमच्याकडे विरजण मागायला येणं बंद केलंय.

थांबा, खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. नाव घेत नाही, विंगही सांगत नाही. एका गृहस्थांना ऑप्शन ट्रेडिंगचा छंद लागला होता. मोबाइलवर करायचे, हिशोब मात्र डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये ठेवायचे, आणि हिशोब म्हणजे तांबडे आकडेच फार. एक दिवस उपरती झाली. खातं बंद केलं, ती एक्सेल शीट उडवली, रीसायकल बिन रिकामा केला, आणि हात झाडून देवदर्शनाला गेले. घरात कुणालाच पत्ता नाही. पण माणूस इमेजेचा नादी! दसऱ्याला काढलेली इमेज बाहेरच्या डिस्कवर शाबूत. आणि इमेज म्हणजे नुसती मशीन उठवायची फाइल नव्हे, तिच्यावर दोनदा क्लिक केलं की बहुतेक सॉफ्टवेअरांत ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. आत दसऱ्याच्या दिवशीचा आख्खा डेस्कटॉप. काकूंना हव्या होत्या मुलीच्या बारशाच्या जुन्या पत्रिका. त्यांनी डिस्क लावली, क्लिक केलं, जी ड्राइव्ह उघडला. पत्रिका मिळाल्या. बाकीचंही मिळालं.

तुम्ही म्हणाल, डिस्कला कुलूप नव्हतं का? होतं ना, मशीनला बिटलॉकर होतं, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली डायरीत लिहिलेली. पण मशीन उघडून चालू असताना इमेज काढली की आतला मजकूर बिनकुलपाचाच बाहेर पडतो. इमेजेला वेगळा पासवर्ड घालावा लागतो, आणि तो घालायचा कंटाळा सगळ्या सोसायटीला. म्हणजे बघा, मशीनला पोलादी दार, आणि त्याच मशीनची जशीच्या तशी प्रत साड्यांच्या मागे उघडी. चोराला पुढच्या दाराशी झटायची गरजच नाही. चोर कशाला, काकूंनाच पुरली. त्या घरात सध्या पासवर्ड घालतात. आणि पासवर्ड काकूंकडे असतो.

डिस्क काम झालं की ताबडतोब काढायची, हाही त्यांचा एक दंडक. त्यात मात्र तथ्य आहे, मान्य करायला हवं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातल्या कॉम्प्युटरांत घुसून फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. अशा खंडणीखोराला मशीनला जोडलेली प्रत्येक डिस्क आपलीच वाटते. बॅकअपची डिस्क कायम टोचलेली ठेवली तर दुखणं आणि औषध एकदमच जातं. म्हणून भेट रविवारची, बाकी सहा दिवस कपाट. वहिनी म्हणतात, "माझ्या वाट्याला इतका नियम कधी आला नाही."

वर आणखी एक तीन-दोन-एकचं सोवळं आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने ते रुजवलं. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिल्या दोन अटी पाळायला अडचण नाही. तिसरीने संसार हलवले. घराबाहेर म्हणजे कुठे? बँकेच्या लॉकरमध्ये आधीच सोनं आणि खरेदीखतं. शेजारी ठेवावी तर शेजाऱ्याचं घर आपल्याच इमारतीत. मग एकांनी सासुरवाडी काढली, चिपळूण. दर सुट्टीत एक डिस्क जाते, एक येते. लग्नानंतर इतकी वर्षं "कोकणात उकडतं" म्हणणारे जावई आता आपणहून रेल्वेचं तिकीट काढतात म्हटल्यावर सासूबाईंना आधी गहिवरून आलं. कारण कळल्यावर त्या म्हणाल्या, "ठेवा, पण वरच्या मजल्यावर." जुलै २०२१ च्या पुराचं पाणी त्यांच्या खालच्या खोल्यांत शिरलं होतं. पीटर क्रोगना जे सुचलं नसेल ते त्या चिपळूणच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं.

बँकवाल्या काकांना तर याचा सणही साजरा करायचाय. २०११ पासून ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन पाळतात म्हणे, दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल व्हायला नको म्हणून. ज्याने कुणी ही तारीख काढली त्याने भारतातली बँक पाहिली नव्हती हे उघड आहे. काकांचं आयुष्य गेलं त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत ताळेबंद जुळवण्यात. आता निवृत्तीनंतर त्यांनी पुन्हा तीच रात्र जागवायला घेतली. काकू म्हणतात, मला वाटलं मार्च एंड सुटला.

एवढं सगळं मी कौतुकाने ऐकून घेतलं असतं. पण एकदा मी बाकावर एक साधा प्रश्न विचारला. "या इतक्या इमेजा काढता, त्यातली एखादी परत उतरवून बघितलीत का कधी?" काय सांगू, सात जण होते, सातही जणांचं लक्ष एकदम रिक्षाकडे गेलं. रिक्षा रिकामी होती. मग एक जण म्हणाले, "मी व्हेरिफाय करतो." व्हेरिफाय म्हणजे काढलेली फाइल काढताना होती तशीच आहे का, एवढंच कळतं. त्या फाइलीतून मशीन उठेल का, पेन ड्राइव्ह बूट होईल का, बूट झाल्यावर त्याला ती बाहेरची डिस्क दिसेल का, यातलं काही कळत नाही. दुसरे म्हणाले, "वेळ आली की बघू." वेळ आली की बघायला काय ती वरात आहे?

बरं, आमचे काका एकटेच असे नाहीत, मोठमोठ्यांची लफडी आहेत. पिक्सारचंच घ्या. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' चालू असताना कुणीतरी नको तिथे फायली उडवायचा हुकूम दिला, आणि पडद्यावरून आधी बाहुल्याची टोपी गेली, मग बूट, मग बाहुलाच. बॅकअप होते की! लावून बघितले तेव्हा कळलं की ते धड नव्हते. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन नावाच्या तांत्रिक दिग्दर्शिकेने. तिचं बाळ लहान होतं म्हणून ती घरून काम करत होती आणि सिनेमाची प्रत तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला. आणि यातली मजा म्हणजे पुढे त्या सिनेमाची कथाच पसंत पडेना, म्हणून बराचसा पुन्हा नव्याने केला! आमच्या सोसायटीत हे सांगितलं तर पुरुषांना कॉम्प्युटर दिसला आणि बायकांना बाळ दिसलं.

गिटलॅब नावाच्या कंपनीचं तर आणखी ताजं. ३१ जानेवारी २०१७. रात्री दमलेल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर हुकूम चालवला, आणि तीनशे जीबीचा डेटाबेस घटकेत साडेचार जीबीवर आला. बॅकअपच्या एक ना दोन, पाच तऱ्हा त्यांच्याकडे होत्या. पाचातली एकही धड कामी येईना. शेवटी कुणीतरी सहा तास आधी सहज हाताने काढून ठेवलेली प्रत सापडली म्हणून निभावलं. आणि हे सगळं त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं! भर चौकात धुणं धुवायचं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. आमचे काका तर एक फोल्डर हरवला तरी पडदे ओढून घेतात.

आता आमच्या सोसायटीत रिस्टोअर करणारी व्यक्ती एकच, आणि ती बाकावर कधी बसत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या डीटीपीवाल्या ताई. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंकांची पानं, सगळं जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर, पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. नवीन मशीनवर हे सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे आठवडा जातो, आणि लगीनसराईत आठवडा म्हणजे किती मुंडावळ्या बांधून होतात ते तुम्हीच मोजा. त्यांच्याकडे नाद नाही, गरज आहे. मध्यंतरी त्यांच्या डिस्कमधून कटकट आवाज यायला लागला. त्यांनी कुणाला फोन केला नाही. दुकानात जाऊन एक टीबीची एसएसडी आणली. पाचशे जीबीच्या डिस्कला दुकानदार चारशे ऐंशीची एसएसडी 'तीच हो ती' म्हणून देतो, आणि क्लोनझिला मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सहजासहजी उतरत नाही, हे त्यांना ठाऊक. डी विंगच्या काकांना ठाऊक नव्हतं. त्यांची चारशे ऐंशीची अजून खोक्यातच आहे.

मी निमित्त काढून जाऊन बसले. हळदीकुंकवाला न्यावी तशी साखर घेऊन गेले होते, पण नजर पडद्यावर. ताईंनी पेन ड्राइव्ह लावला, काळ्या-निळ्या पडद्यावर बाणाच्या बटणांनी सरकत गेल्या. कुठल्या डिस्कवरून घ्यायचं, कुठल्या डिस्कवर उतरवायचं. तिथे डिस्कांना सी, डी अशी नावं नसतात, एसडीए, एसडीबी असतात, आणि उलटं निवडलं तर ज्याला वाचवायचं तेच पुसलं जातं. ताईंनी तेवढ्यापुरतं नाकावरचा चष्मा वर केला, डिस्कची मापं आणि कंपनीची नावं ताडून बघितली. मग त्याने विचारलं, खात्री आहे का? वाय दाबला. पुन्हा विचारलं, खरंच खात्री आहे का? पुन्हा वाय. आमच्या घरी लग्नाला होकार देताना इतकं कुणी विचारलं नव्हतं. मग पट्टी सरकायला लागली आणि ताई पोळ्या लाटायला गेल्या. टक्के बघत बसल्या नाहीत, हे मी खास नोंदवून ठेवते.

पोळ्या झाल्या, उतरवणंही झालं. मशीन बंद करून त्यांनी जुनी डिस्क बाहेर काढली, कारण एकाच सहीच्या दोन डिस्का एका घरात दिसल्या की विंडोज गोंधळते, आणि मगच चालू केलं. विंडोज आली, डेस्कटॉप आला. फोटो आहेत का, ते त्यांनी बघितलंही नाही. थेट पेजमेकर उघडला, मागच्या आठवड्यातली एक पत्रिका काढली आणि पडदा मोठा करून 'ज्ञ' बघितला, मग 'श्र', मग वेलांट्या. सगळे जागच्या जागी. "झालं," म्हणाल्या, आणि पत्रिकेतला वराच्या मामांचा मानाचा क्रम दुरुस्त करायला बसल्या. वर्षातून दोनदा, लगीनसराईच्या आधी आणि दिवाळी अंकांच्या आधी, काही बिघडलेलं नसतानाही त्या एका रिकाम्या डिस्कवर हे सगळं उतरवून बघतात म्हणे. मी हे खाली सांगितलं. बाकावरचे एक काका म्हणाले, "त्यांचं प्रोफेशनल आहे." म्हणजे आपला नाद तो शुद्ध आणि त्यांचं ते पोटासाठी!

आणि आता ताजी बातमी ऐका, कालचीच आहे. ए विंगच्या सातव्या मजल्यावर एनएएस आलंय, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी. चार डिस्कांचं. रात्री घरघरतं म्हणून खालच्यांनी कमिटीकडे तक्रारही दिलीय. तिथले साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत की माझ्याकडे रेड आहे, एक डिस्क गेली तरी दुसरी चालते, मला इमेज काढायची गरजच नाही. झालं! इन्क्रिमेंटलवाले आणि डिफरन्शियलवाले, विरजणाचंसुद्धा देणंघेणं नसलेले, संध्याकाळी एका बाकावर आले. हाताने उडवलेली फाइल चारही डिस्कांवरून एकदमच उडते, खंडणीखोर शिरला तर चारही डिस्का एकदमच कुलपात जातात, याला बॅकअप म्हणतात का, म्हणून असे तावातावाने बोलत होते की वॉचमन बघायला आला. शेवटी कुणीतरी डीटीपीवाल्या ताईंना खाली बोलावून आणलं. ताईंनी सातव्या मजल्यावरच्या साहेबांना एवढंच विचारलं, "मागच्या महिन्यातली एखादी उडवलेली फाइल परत काढून दाखवाल का?" साहेब म्हणाले, "रविवारी दाखवतो."

तर येत्या रविवारी, दुपारी चारला, सातवा मजला. मी पोह्यांचे पापड तळून नेणार आहे. तुम्हीही या. फक्त तिथल्या वहिनींसमोर एनएएसच्या किमतीचा विषय काढू नका. त्यांना ते वायफायचं नवीन मशीन म्हणून सांगितलंय, आणि किंमतही वायफायच्या मशीनचीच सांगितलीय.